जुन्या एफसी पिकअपवर काढता-घालता येणारा फायबर टॉप, घरच्या घरी जमेल का?

सातारी_चाकं

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे महिंद्राची एफसी पिकअप आहे, आरसी बुकात १९७१ लिहिलंय. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ही बोनेट नसलेली जीप, तोंड एकदम सपाट, इंजिन दोन सीटच्या मधोमध झाकणाखाली, उन्हाळ्यात ड्रायव्हरचा डावा पाय भाजून निघतो. आजोबांनी हिच्यातून आलं आणि हळद वाहिली, नंतर बरीच वर्षं गोठ्याशेजारी पडून होती, आता इंजिन ब्रेक वायरिंग रंग सगळं झालंय आणि गाडी झकास चालते.

अडलंय ते मागच्या बकेटवर, म्हणजे सामानाच्या हौद्यावर. बकेट कंपनीची नाही, कधीतरी बॉडीवाल्याकडून बांधून घेतलेली, टेप लावली तर सव्वासहा फूट बाय सव्वाचार फूट पण चारी कोपरे काटकोनात असतील तर शपथ. आत्ता पाइपच्या कमानी आणि ताडपत्री आहे, पावसात तिचा काही उपयोग नाही, ठोसेघरकडे वर चढलं की वारा ताडपत्री उचलून धरतो आणि आतलं सामान भिजतं ते भिजतंच. म्हणून फायबरचा टॉप बनवायचाय. कडेला दोन खिडक्या, मागे वर उघडणारा दरवाजा, आणि मुख्य म्हणजे उन्हाळ्यात पूर्ण काढून ठेवता आला पाहिजे. बकेटला एकही भोक पाडायचं नाही.

इथल्या फॅब्रिकेटरला विचारलं तर म्हणतो अँगलचा सांगाडा करू आणि वर फायबरची शीट रिव्हेट मारू. मला ते पटत नाहीये पण नक्की का पटत नाही ते सांगताही येत नाहीये. साचा करावा की थेट ठोकळ्यावर चढवावं, किती थर, बसवायचं कसं, आणि आरटीओचं काय, ज्याला जे माहीत असेल ते सांगा. मला वेल्डिंग सुतारकाम येतं, फायबर कधी केलेलं नाही.

शिरोली_पॅटर्न

भावा, फॅब्रिकेटरचं ऐकू नकोस, तुला का पटत नाही ते मी सांगतो. पस्तीस बाय पस्तीस बाय पाचचा अँगल मीटरला २.६ किलो भरतो. तुझ्या मापाला कमानी, खालची चौकट, खिडक्यांच्या चौकटी धरून १६ मीटर तरी लागणार, म्हणजे फायबर चढायच्या आधीच ४० किलोच्या वर गेलास. मग तो टॉप काढणार कोण? एकदा बसला की बसला. आणि लोखंड न् फायबर उन्हात सारखं फुगत नाहीत, रिव्हेटच्या भोकातनं तडे जायला सुरुवात होती, तिथनं पाणी, पाण्यानं आत अँगल गंजतोय ते दिसत पण नाही.

मी फौंड्रीच्या पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाच्या नमुन्यांचं काम करतोय, फायबरचे पॅटर्न पण करतो. टॉपचा आकार राहू दे बाजूला, आधी बकेट बघ. ह्या गाड्यांची चासी शिडीची, ती पिळते, आणि पिळायलाच पायजे, म्हणून तर चाकं जमिनीला टेकून राहतात. पुढचं डावं चाक आणि मागचं उजवं चाक चांगल्या विटांच्या थप्पीवर चढव, बकेटच्या पुढच्या कडेवर एक सरळ पट्टी ठेव, मागच्या कडेवर दुसरी, आणि मागनं एका डोळ्यानं दोन्ही पट्ट्या एका रेषेत बघ. जेवढी तिरकी दिसतील तेवढी पिळवट तुझ्या टॉपच्या नशिबाला येणार. सहा जागी बोल्टनं गच्च आवळलास तर खिडकीच्या कोपऱ्यातनं फाटतोय म्हणून समज, थर कितीबी घाल.

म्हणून टॉप बकेटवर नुसता बसलेला पायजे, जखडलेला नको. खाली सगळीकडनं रबर, पुढचे दोन क्लॅम्प घट्ट, मागचे दोन रबराच्या गादीवर जरा सैल. खिडक्यांचे कोपरे काटकोनात कापायचे नाहीत, निदान ६०-७० मिमीचा गोल द्यायचा. आणि केबिनला टॉप जोडायचाच नाही. केबिन वेगळी हलती, बकेट वेगळी हलती, मधी फट ठेव.

साचाबिचा करायच्या भानगडीत पडू नकोस, एकच नग करायचाय. प्लायचे फर्मे काप, फुटाफुटावर उभे कर, त्यावर १० मिमी पीव्हीसी फोमच्या पट्ट्या बसव, वरनं काच, म्हणजे रेझिनमधी (घट्ट होणारा चिकट द्रव) भिजवलेली काचेच्या धाग्यांची चादर, मॅट म्हणतात तिला, मग उलटा करून आतनं काच. सँडविच होतंय, हलकं न् कडक. घासायला लागतंय तेवढं सोडलं तर सोपंय.

बोटवाला_रत्नागिरी

पॅटर्नवाल्या दादांचं चासीचं बोलणं शंभर टक्के खरं, पण "घासायला लागतंय तेवढं सोडलं तर" हे वाक्य वाचून हसू आलं. तेवढंच तर काम आहे हो त्यात! ठोकळ्यावर बाहेरून चढवलेला फायबर म्हणजे बाहेरची बाजू खरबरीत, मग लांबी (पुट्टी) भरा, घासा, परत भरा, परत घासा, आणि साडेपाच चौरस मीटर घासल्यावर माणूस गाडी विकायला काढतो.

आम्ही मच्छीमारीच्या होड्या करतो, आमचे साचे पिढ्यान्‌पिढ्या वापरले जातात म्हणून परवडतात, एका टॉपसाठी पूर्ण साचा करणं परवडणार नाही हे मान्य. पण तुमची एफसी म्हणजे सगळी सपाट खोकी, तिला तिसरी वाट आहे. सनमायका लावलेल्या बोर्डांचं उलटं खोकं बनवा, सनमायका आतल्या बाजूला. चारी बाजू स्क्रूने जोडायच्या, गोंद लावायचा नाही. छताला मधून ४०-५० मिमी उंचवटा द्या, त्यासाठी खाली कमानदार फर्मे ठेवून नुसता पातळ सनमायका वाकवून बसवायचा, एकाच दिशेने वाकतो आपोआप. हा उंचवटा विसरू नका, सपाट छत पाणी साठवतं आणि ढोलासारखं वाजतं. आतल्या कोपऱ्यांना प्लॅस्टिसिन (खेळण्याची मऊ माती) भरून गोल करायचे, पाइपचा तुकडा फिरवला की एकसारखा गोल येतो.

मग मेण, फायबर साच्याला चिकटू नये म्हणून. रिलीज वॅक्सचे चार-पाच हात, प्रत्येक हात वाळू देऊन पुसायचा, त्यावर पीव्हीए या द्रवाचा पातळ थर, तोही त्यासाठीच. मग जेलकोट, म्हणजे बाहेरचा रंगीत रेझिनचा थर, तो हाताला चिकट लागला पण बोटाला रंग आला नाही की पहिला थर मॅटचा. झाल्यावर स्क्रू काढायचे, खोकं सुटं होतं, टॉप बाहेर. साच्याला उतार ठेवायची गरजच नाही कारण साचाच मोडतोय आपण. बाहेरची बाजू सनमायकासारखी चकचकीत येते, घासकाम जवळजवळ नाही.

एकच जागा अशी आहे जिथे सनमायका चालणार नाही, ती म्हणजे खालची बैठक. तुमच्या बकेटचे कोपरे वाकडे आहेत ना, मग बैठक बकेटवरूनच उचलायची. बकेटच्या कडेवर पॅकिंग टेप चिकटवा, तिच्यावर दाबलेल्या रबराच्या जाडीएवढी पट्टी, समजा ८ मिमी, तिच्यावर परत टेप, मेण, आणि मग त्यावरच ७०-८० मिमी रुंद फायबरची पट्टी टाका. सुकली की ती पट्टी म्हणजे तुमच्या वाकड्या बकेटची अचूक प्रत. टॉप तिच्यावर ठेवून आतून-बाहेरून काच टाकून जोडा. टेपने मापं घेऊन करायला गेलात तर एक कोपरा कायम उचललेला राहणार आणि पाणी तिथूनच येणार.

सातारी_चाकं

@बोटवाला_रत्नागिरी हे सनमायकाचं डोक्यातच आलं नव्हतं, सुतारकाम येत असल्यामुळे मला हे जमेलसं वाटतंय. @शिरोली_पॅटर्न पट्ट्यांचा प्रयोग केला, दोन पट्ट्यांच्या टोकांत चांगली दोन बोटं फरक दिसला, मी तर बकेट एकदम ताठ समजत होतो. आता थर आणि रेझिन किती ते कुणी सांगेल का, दुकानात गेलो तर त्याने उलट मलाच विचारलं जीपी का आयसो, तीनशे का साडेचारशे.

कंपोझिटवाली

मी सांगते, माझं पोट लॅमिनेशनवरच, म्हणजे फायबरचे थर चढवण्यावरच चालतं.

जीपी म्हणजे साधं पॉलिएस्टर, आयसो म्हणजे आयसोफ्थॅलिक, पाणी आणि उन्हाला जास्त टिकतं, फरक फार नाही किमतीत, आयसो घ्या, निदान जेलकोट तरी आयसोचाच घ्या. तीनशे साडेचारशे म्हणजे मॅटचं एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. जेलकोटनंतरचा पहिला थर ३०० चा पातळ, म्हणजे कोपऱ्यात नीट बसतो आणि हवा अडकत नाही. मग ४५० चे थर.

हिशोब असा. मॅटला तिच्या वजनाच्या साधारण अडीच पट रेझिन लागतं, म्हणजे ४५० चा एक थर चौरस मीटरला जवळपास १.६ किलो होतो आणि जाडी सुमारे १ मिमी येते. तुमचं क्षेत्रफळ बोटवाल्या दादांनी धरलंय तसं साडेपाच चौरस मीटर, तीन थर आणि जेलकोट मिळून २५ ते ३० किलो, बैठक, खिडक्यांच्या कडा, मागचा दरवाजा धरून ४०-४५ किलो. दोघांना जड पण उचलता येईल असं. चौथा थर सगळीकडे घालू नका, वजन वाढतं, आणि तोच ताठपणा फोमने कमी वजनात मिळतो. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणून छताला आतून मधे १० मिमी फोमच्या पट्ट्या चिकटवून वरून एक थर टाकला की तीन आडव्या फासळ्या तयार होतात, वजन दोन-तीन किलो आणि छतावर हाताने दाबलं तरी डुगडुगत नाही. फोम पीव्हीसीचा किंवा पीयूचा घ्या, थर्माकोल अजिबात नको, पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने तो डोळ्यादेखत विरघळतो. क्लॅम्प आणि बिजागऱ्या जिथे येणार तिथे आत ३ मिमीची लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची पट्टी भोकं पाडून थरांच्या मधे गाडून टाका, भोकांतून रेझिन शिरून ती पकडून राहते. फायबरमधे आटे पाडून बोल्ट टिकत नाही. दरवाजाला गॅसचे डिकी शॉकर लावणार असाल तर त्यांच्या टोकाला पण हेच करा, तो जोर रोज एकाच जागी पडतो.

हार्डनर (रेझिन घट्ट करणारं द्रव) रेझिनच्या १ ते २ टक्के, किलोला १५ ग्रॅमपासून सुरुवात करा. एप्रिल-मे मधे दुपारी काम करू नका, डब्यातच गरम होऊन धूर येतो, सकाळी सहाला सुरू करा, एका वेळी एक किलोच कालवा आणि खोल डब्याऐवजी पसरट ट्रेमधे ठेवा. पावसाळ्यातही नको, मॅट हवेतला ओलावा धरते आणि मग पांढरी राहते, रेझिन नीट शिरत नाही. ऑक्टोबर संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत आपल्याकडे या कामाला सोन्यासारखी हवा असते. रेझिन पातळ करायला थिनर किंवा अॅसिटोन घालायचं नाही, ते फक्त ब्रश धुवायला.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि हे दुकानदार सांगत नाही. रेझिनमधे कोबाल्ट, म्हणजे हार्डनरचं काम लवकर सुरू करणारा द्रव, आधीच घातलाय का ते विचारा. नसेल तर जांभळ्या रंगाची वेगळी बाटली मिळते, तो आधी रेझिनमधे पूर्ण ढवळायचा, आणि मग हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही जाता कामा नये, भडका उडतो, स्फोट पण होऊ शकतो. एकाच मापाने दोन्ही मोजायचे नाहीत. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, गॉगल घातल्याशिवाय बाटली उघडू नका आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा. वासासाठी कार्बन फिल्टरचा मास्क, कापडी मास्कने काही होत नाही. घासताना पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, आणि नंतर आधी गार पाण्याने धुवायचं, लगेच गरम पाण्याने आंघोळ केली तर खाज रात्रभर जात नाही.

टोलेडोकर

वाचून मजा आली, कारण मी राहतो त्या अमेरिकेतल्या टोलेडोतच ही मूळ गाडी बनायची. जीप बनवणाऱ्या विलिस कंपनीने १९५६ मधे एफसी आणली, डिझाइन ब्रूक्स स्टीव्हन्सचं, १९६५ पर्यंत इथे बनली आणि मग तिकडे महिंद्राकडे चालू राहिली. आणि गंमत बघा, काचेचे धागे बनवणाऱ्या ओवेन्स कॉर्निंगचं मुख्यालय पण याच गावात, म्हणजे जीप आणि फायबर दोन्ही एकाच गावचे.

इकडे पिकअपवर असे टॉप सर्रास असतात, त्यांची बसवायची पद्धत तुमच्या कामाची आहे. इंग्रजी सी आकाराचे अॅल्युमिनियमचे क्लॅम्प असतात, वरचा जबडा टॉपच्या आतल्या कडेला धरतो, खालचा बकेटच्या कडेच्या खालून, मधे एक बोल्ट. चार किंवा सहा लावतात, भोक एकही नाही, सॉकेट पान्याने पाच मिनिटांत निघतात. तुम्ही वेल्डिंग करता म्हणता तर लोखंडी पट्टीतून घरीच वळवा, जबड्याला रबर चिकटवा. बोल्टला नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप सैल न होणारा) वापरा, साधा नट या रस्त्यांवर सुटतो.

आणखी एक सांगतो, मागचा दरवाजा उघडा ठेवून गाडी चालवू नका, आणि आत कुणाला बसवू तर अजिबात नका. खोक्यासारख्या टॉपच्या मागे हवेची पोकळी होते आणि सायलेन्सरचा धूर तिथून आत ओढला जातो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मागच्या दाराला चारी बाजूंनी बिडिंग (रबरी पट्टी) नीट बसवा आणि सायलेन्सरचं तोंड बकेटच्या कडेच्या बाहेर काढा.

जुना_नंबर

आरटीओचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीत जे लिहिलंय त्यात कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. म्हणून तुमचा "एकही भोक नाही, क्लॅम्प काढले की गाडी जशीच्या तशी" हा हट्ट फार चांगला आहे, तो सोडू नका. तरी करायच्या आधी आरसी घेऊन इन्स्पेक्टरला विचारून या, तुमची नोंद खासगी आहे की मालवाहतुकीची यावर बरंच अवलंबून असतं.

कुणीतरी सांगेल की व्हिंटेज नंबर घ्या. २०२१ च्या जुलैत ते नियम आले, पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली खासगी गाडी, चासी बॉडी इंजिनात मोठा बदल नको, नंबरात व्हीए अक्षरं, फी २० हजार, १० वर्षांनी परत ५ हजार. पण ती गाडी मग रोजच्या वापरात चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. तुम्हाला ठोसेघरला सामान घेऊन जायचंय, शिवाय तुमची बकेट मूळ नाही, तिथेच पहिला प्रश्न येईल. माझ्या मते तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

खिडक्यांबद्दल एक. टफन काच नंतर कापता येत नाही, कापायला गेलात की चुरा. आधी भोक पाडा, त्यावरून प्लायचा नमुना काढा आणि तोच काचवाल्याला द्या, कागदावरचं माप देऊ नका. बसवायला बसबॉडीवाल्यांकडे मिळतं ते काचेचं रबर घ्या, मधे लॉकची पट्टी असते ते. अॅक्रिलिक स्वस्त पडतं पण पुसून पुसून ओरखडे पडतात.

सातारी_चाकं

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. ठरलं असं, सनमायकाचं खोकं, ३०० चा एक आणि ४५० चे तीन थर असं दुकानदार म्हणत होता ते रद्द, ३०० चा एक आणि ४५० चे दोन आणि छताला फासळ्या. बरोबर ना ताई? बैठक बकेटवरूनच उचलणार. दिवाळी झाली की सुरू. पुढच्या बाजूला छताच्या कडेला पन्हळ काढावी का, केबिन आणि टॉपच्या फटीत पाणी पडून ते आत येईल असं वाटतंय. आणि उन्हाळ्यात काढून ठेवणार तर ठेवायचा कसा, शेडमधे जागा आहे.

कंपोझिटवाली

थर बरोबर, फक्त बैठक आणि चारी उभ्या कोपऱ्यांवर ४५० ची एक जादा पट्टी टाका, मार तिथेच बसतो. रंग पांढरा किंवा फिका ठेवा, काळा टॉप मे महिन्यात आतून भट्टी होतो.

बोटवाला_रत्नागिरी

पन्हळ हवीच, साच्यातच करून घ्या, नंतर चिकटवलेली निघते. सनमायकाला अर्धगोल लाकडी पट्टी उलटी करून लावली की छतावर खाच पडते, पुढून दोन्ही बाजूंना उतार द्या म्हणजे पाणी कडेने खाली जाईल. फटीतलं पाणी आत येणार नाही, कारण पुढची भिंत बंद आहे आणि खाली रबर आहे, ते बकेटच्या बाहेरून जाईल.

शिरोली_पॅटर्न

ठेवायचं सांगतो. खालनं उघडा आकार हाय, मागनं पण उघडा, त्यामुळं साच्यातनं काढल्यावर पाय आत-बाहेर सरकतात. म्हणून साच्यातनं लगेच काढू नकोस, आठवडाभर आतच राहू दे. आणि काढल्यावर मागच्या बाजूला खाली एक आडवा पाइप, दोन्ही बैठकांना क्लॅम्पनंच धरलेला, टॉप गाडीवर नसंल तवा तो कायम लावून ठेवायचा. शेडच्या तुळईला एक चेन पुली टांग, चार रुंद पट्टे टॉपच्या खालनं घाल, दोरी नको, दोरीनं कड कापती. वर उचल, गाडी खालनं पुढं काढ, टॉप तसाच टांगलेला राहू दे. जमिनीवर ठेवणार असशील तर भिंतीला तिरका टेकवून ठेवू नकोस, उन्हाळाभरात पीळ बसतोय आणि जूनमधी बकेटवर बसत नाही. बैठकीच्या मापाची लाकडी चौकट करून तिच्यावर सरळ ठेव.

चेन पुली एक टनाची घे, नंतर इंजिन काढायला पण तीच लागंल.